वाक्य पुरं होईपर्यंत

आमच्या घरात कमी बोलण्याची साथ आहे. ती माझ्यापासून सुरू झाली की माझ्या वडिलांपासून, ते नक्की सांगता येणार नाही. मी आयुष्यभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. बोलणाऱ्या माणसाच्या नजरेतून चुका सुटतात असा तिथे समज होता आणि तो माझ्या सोयीचा होता. माझी मुलगी तातडीच्या मदतीच्या फोनवर काम करते. अपघात, आग, हृदयविकार असं काही झालं की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तिथे पलीकडे ती असते. दिवसभर इतकं बोलते की घरी येईपर्यंत तिचे शब्द संपलेले असतात. जावई जहाजावर असतात. ते वर्षातून दोनदा घरी येतात, चार दिवस घर दणाणून सोडतात आणि परत जातात. मग आम्ही तिघं पुन्हा पुस्तकं उघडतो.

तिसरी माझी नात. जन्मली तेव्हा ती इतकी रडायची की मीच तिचं नाव टिटवी पाडलं. नाव चिकटलं आणि आवाज गेला. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि दिवसाला मोजकी वाक्यं बोलते. पण बोलते ते वाक्य कर्ता-कर्म-क्रियापदासकट पुरं असतं. यात माझा थोडा हात असावा. ती लहान असताना काही अर्धवट म्हणाली की मी तिच्याकडे बघत थांबायचो. रागावायचो नाही, नुसता थांबायचो. मग ती शेवटपर्यंत जायची.

शाळेत तिने स्पॅनिशचा प्रगत अभ्यासक्रम घेतला. का, ते कोणी विचारलं नाही. ग्रंथालयात त्या भाषेचं एक कपाट होतं आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं, हे कारण मला नंतर कळलं. दोन वर्षांत तिने ते कपाट जवळजवळ संपवलं. तिला भाषांतर शिकवणाऱ्या एका विद्यालयात जायचं होतं. तिथे प्रवेशासाठी या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेत पाचपैकी चार गुण लागत. तीन मिळाले तर अर्जसुद्धा घेत नसत. लेखी परीक्षेची चिंता नव्हती. पण अर्धी परीक्षा बोलण्याची होती.

मुलीची ड्युटी असल्यामुळे शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी गेलो. स्पॅनिशच्या बाई उंच होत्या, आणि एका वेळी तीन कामं करत होत्या. वह्या तपासत होत्या, खिडकी लावत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या.

"आजोबा, तुमच्या नातीला अख्ख्या वर्गात सगळ्यांत चांगलं स्पॅनिश येतं," त्या म्हणाल्या.

मी खूश झालो.

"पण ते फक्त तिला माहीत आहे."

ही तक्रार आहे हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

परीक्षा कशी असते ते त्यांनी मला समजावून सांगितलं. कानांवर हेडफोन लावून संगणकासमोर बसायचं. हेडफोनमधून एक मैत्रीण बोलते. ती रेकॉर्ड केलेली असते. तिचं बोलणं झालं की 'टूं' असा आवाज होतो. मग आपल्याला वीस सेकंद मिळतात. पुन्हा 'टूं' झालं की मैत्रीण पुढचं बोलू लागते. असं पाच वेळा. त्यानंतर दोन मिनिटांचं भाषण. त्यात आपल्या भोवतालची एखादी रीत आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची तशीच एखादी रीत यांची तुलना करायची.

"आपलं बोलणं झालेलं नसलं तर ती मैत्रीण थांबत नाही?"

"ती यंत्रातली आहे, आजोबा."

"हो, म्हणजे... बरोबर आहे."

"तुमची नात आधी विचार करते. मग मनात वाक्य जुळवते. मग तपासते. आणि मग तोंड उघडते, तोवर टूं. घरी कोणी आहे का तिच्याशी बोलायला?"

"आहोत की. आम्ही आहोत."

"स्पॅनिश?"

"नाही."

"मग निदान बोलायला तरी?"

मी विचार करत होतो तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "कळलं."

त्यांनी मला मैत्रिणीच्या संवादांचे कागद दिले. आणखी एक गृहपाठ सगळ्या घरासाठी दिला. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत जेवण झाल्यावर ताटं उचलली तरी कोणी उठत नाही, तासन्‌तास गप्पा मारत बसतात. त्याला सोब्रेमेसा असा शब्दच आहे. "घरी एकदा करून बघा," बाई म्हणाल्या.

रविवारी आम्ही करून बघितलं. टेबल पुसून झालं आणि तिघंही परत येऊन बसलो.

"आता काय करायचं असतं?" मुलीने विचारलं.

"बोलायचं असतं," टिटवी म्हणाली.

"कशावर?"

"कशावरही."

मी टेबलावरचा एक डाग नखाने खरवडला. शेवटी मुलगी म्हणाली, "काल एका माणसाचा फोन आला. म्हणाला, लवकर या, बायको बोलत नाहीये. मी विचारलं, श्वास चालू आहे का? तर म्हणाला, श्वास चालू आहे हो, माझ्याशीच बोलत नाहीये."

आम्ही पोट धरून हसलो. हसणं संपल्यावर मी हळूच मांडीवरचं पुस्तक वर घेतलं. वर बघतो तर त्या दोघींच्याही हातात पुस्तकं होती.

तेव्हा मीच ठरवलं की यंत्रातली मैत्रीण आपण व्हायचं. भाषा येत नसली तरी अक्षरं वाचता येतात. न कळणाऱ्या भाषांची प्रुफंसुद्धा मी तपासली आहेत. कागदावर पेन्सिलीने आपल्या लिपीत उच्चार लिहून घेतले. टिटवीकडून ते दुरुस्त करून घेतले आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसू लागलो. हातात मनगटी घड्याळ. समोर स्टीलचा पेला आणि चमचा. पेल्यावर चमचा वाजवला की टूं.

"ओला! कुआंतो त्येंपो सिन वेर्ते!" मी म्हणायचो. म्हणजे, काय गं, किती दिवसांत दिसली नाहीस! समवयस्क मैत्रिणीच्या थाटात हे म्हणायला मला पहिल्या दिवशी फार लाज वाटली. टिटवीने ओठ आत घेऊन हसू दाबलं.

"आजोबा, ती मैत्रीण आहे. तुम्ही शोकसभेत बोलल्यासारखं म्हणताय."

मी पुन्हा म्हटलं. जरा जास्तच उत्साहाने म्हटलं असावं, कारण शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं.

मग मी चमचा वाजवला. ती विचार करू लागली. घड्याळाचा काटा पळत होता. तिने सुरुवात केली तेव्हा निम्मा वेळ गेलेला होता. वाक्य सुरू झालं, वळलं, एका छोट्या उपवाक्यातून गेलं आणि वीस सेकंद संपले. मी चमचा वाजवला. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते मिटलं. उरलेलं वाक्य गिळलं असावं, तसा तिचा गळा हलला.

तो गळा हललेला मला बघवला नाही. दुसऱ्या प्रश्नाला काटा ठरल्या जागी आला तेव्हा माझा चमचा पेल्याजवळ होता. पण वाक्य संपत आलं होतं. भाषा न कळणाऱ्यालाही हे कळतं, आवाज उतरणीला लागतो. दोन-तीन शब्दच उरले असतील, म्हणून मी थांबलो. ते संपले आणि मग मी चमचा वाजवला. टिटवीने खुर्चीत पाठ टेकली. तिचा चेहरा असा काही सैल झाला की मी मनात म्हटलं, आजच्यापुरतं असू दे. उद्यापासून थोडं थोडं कमी करू.

उद्यापासून उलटंच झालं. तिला वेळ मिळतोय म्हटल्यावर वाक्यं लांबू लागली. ती काय म्हणते ते ती नंतर मला मराठीत सांगायची, आणि ते ऐकण्यासारखं असायचं. मैत्रिणीने विचारलेलं असायचं, शनिवारी बाजारात येतेस का? इतर मुलं म्हणत, हो, येते, किती वाजता? टिटवी म्हणायची, येईन, पण मला बाजारात घ्यायचं काही नसतं, माणसं भाव करताना एकमेकांकडे कशी बघतात ते बघायला आवडतं, तुला तिथे कंटाळा येणार नसेल तर आपण एका कोपऱ्यात उभ्या राहू. असं वाक्य मध्येच कापायचं म्हणजे माझ्या हातून होणारं काम नव्हतं. मी काट्याकडे बघणंच सोडलं. घड्याळ हातात नुसतं धरलेलं असायचं.

महिनाभर आमचं असं चाललं. टिटवी संध्याकाळी आपणहून पेला-चमचा आणून ठेवू लागली. इतकं सलग ती कधी बोलली नव्हती आणि इतकं सलग मी कधी ऐकलं नव्हतं. तिची तयारी होतेय असं मला मनापासून वाटत होतं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं होतं.

परीक्षा दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा एक दिवस मुलगी लवकर घरी आली. आतल्या खोलीत आमचा सराव चालू होता आणि ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खात होती. सराव संपल्यावर मी पेला विसळायला गेलो. तिने बोटानेच मला जवळ बोलावलं.

"बाबा, तिला किती सेकंद असतात?"

"वीस."

"हे वीस होते?"

मी नळ सोडला.

"नळ बंद करा. बाबा, मी दिवसभर हेच करते. आमच्याकडे वीस सेकंदांत माणूस पत्ता सांगतो, दुखणं सांगतो, वर मला शिवीही देतो. आत्ताचं एक उत्तर पाऊण मिनिटाचं होतं."

"वाक्य संपत आलं होतं गं."

"सगळीच?"

मी पेला पुसू लागलो.

"तुम्ही मुद्दाम करताय?"

"मुद्दाम म्हणजे... हात उठत नाही."

ती रागावली नाही. फोनवरच्या माणसाशी बोलते तशा एकसारख्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. काय झालंय ते कळलं. आता तिला सांगा. आज सांगा. अजून दिवस आहेत."

टिटवी खिडकीशी शब्दकोश घेऊन बसली होती. मी समोर जाऊन बसलो. सुरुवात कशी करावी याचा विचार करत बराच वेळ काढला, आणि तिने तो काढू दिला.

"मी चमचा उशिरा वाजवतो," मी शेवटी म्हणालो.

"हो."

"म्हणजे पुष्कळच उशिरा."

"माहीत आहे, आजोबा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. शाळेत रोज खऱ्या यंत्रावर सराव असतो. तिथे मी अर्ध्यावर पण पोचत नाही."

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

तिने उत्तर मनात जुळवलं. ते जुळताना मला दिसत होतं.

"घरी तरी वाक्य पुरं होत होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तुम्ही इतकं छान वाचायला लागला होतात."

तिला वाईट वाटू नये म्हणून मी थांबत होतो. मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती. दोघांनी मिळून एक महिना वाया घालवला होता, आणि तो आम्हा दोघांनाही आवडला होता.

दुसऱ्या दिवसापासून मुलीने चमचा स्वतःकडे घेतला. तिची वेळ बिनचूक होती, घड्याळही लागत नव्हतं. टण्! टिटवीचं वाक्य तुटलं. टण्! पुन्हा तुटलं.

"काहीतरी म्हण. चूक म्हण, पण म्हण."

टण्!

"अगं, घरात आग लागलीय असं समज. पत्ता सांग नुसता!"

"पण आग लागलेली नाही," टिटवी म्हणाली.

मुलीने चमचा ठेवला आणि कपाळ चोळलं. आधी टिटवी अर्धी वाक्यं तरी बोलत होती. चार दिवसांनी तीही बंद झाली. पहिल्या टूंनंतर ती पेल्याकडे बघत बसायची आणि दुसरं टूं व्हायचं. मी दाराशी उभा राहून हे बघत असे. आत जाऊन काय करणार होतो? मला जे करता येत होतं त्यानेच ही वेळ आली होती.

मग टिटवीच्या वर्गातली एक मुलगी येऊ लागली. तिला सगळे रेडिओ म्हणत. दारातून आत येतानाच तिचं बोलणं सुरू असायचं, आणि ते जिन्यातच कुठेतरी सुरू झालेलं असायचं.

"आजोबा, नमस्कार, तुम्हीच का ते चमचावाले? बाईंनी सांगितलंय हिला बोलती कर म्हणून. माझं व्याकरण म्हणजे आनंद आहे, पण बोलण्यात मला पाचपैकी पाच. का माहितीये? मला बंद होताच येत नाही."

तिने टिटवीला समोर बसवलं. "ऐक. टूं झालं की लगेच म्हणायचं, पुएस. मग म्हणायचं, बुएनो. मग म्हणायचं, आ वेर. म्हणजे, अं, बरं, बघू या. तेवढ्यात पुढचं सुचतं."

"पण त्याला काही अर्थ नाही," टिटवी म्हणाली.

"अर्थ मागितलाय कोणी? यंत्राला आवाज पाहिजे. म्हण, पुएस."

"पुएस."

"बुएनो."

"बुएनो." टिटवीने हे शब्द जिभेवर गोळी ठेवावी तसे ठेवले आणि पुढे थांबली.

"अगं, थांबलीस की मेलीस! आजोबा, ही घरी पण अशीच असते?"

"आम्ही सगळेच असे आहोत," मी म्हणालो.

"बापरे," रेडिओ म्हणाली, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात जरा खंड पडला.

परीक्षेच्या दिवशी मी बरोबर गेलो. बोलण्याच्या परीक्षेची खोली कोपऱ्यात होती आणि दाराला काचेची पट्टी होती. बाहेरच्या बाकावरून मला टिटवीची पाठ दिसत होती. डोक्यावर हेडफोन, दोन्ही हात टेबलावर, एकावर एक. बोलायच्या आधी तिचा उजवा खांदा किंचित वर येतो आणि वाक्य संपलं की खाली येतो. हे तिला माहीत नसेल. खांदा वर आला आणि वरच राहिला. पुन्हा खाली आला तो वाक्य संपल्यासारखा नाही, दचकून आला. असं पाचही वेळा झालं. माझ्यापासून ती सात-आठ हातांवर होती. मी दार ढकलून आत गेलो असतो तरी त्या मैत्रिणीला गप्प करता येणार नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी वडील चणे खात होते. त्यांनी पुडी माझ्यापुढे केली. मी चार दाणे घेतले आणि मुठीत तसेच धरून बसलो.

ती बाहेर आली.

"झालं?"

"तिचं झालं," टिटवी म्हणाली. "माझं नाही झालं."

बसमध्ये तिने आणखी थोडं सांगितलं. भाषणाला विषय आला होता, घरातली माणसं एकत्र वेळ कसा घालवतात. तिला सोब्रेमेसाबद्दल बोलायचं होतं. म्हणून तिने आधी आमच्या घराबद्दल सुरू केलं. टेबल, तीन पुस्तकं, कोण कोणत्या खुर्चीवर बसतं, पान उलटल्याचा आवाज येतो तेवढंच, आणि त्यातही एकमेकांची सोबत कशी असते. हे नीट सांगितल्याशिवाय पुढे जाता येईना. दोन मिनिटं संपली तेव्हा ती आमच्याच घरात होती. दुसऱ्यांच्या घरी पोचलीच नाही.

"छान बोललीस पण," मी म्हणालो.

"तुलना करायची होती, आजोबा."

निकाल लागला. तीन. मुलीने कामावरूनच संगणकावर बघून फोन केला. सांगायला तिला तीन सेकंदही लागले नाहीत. पण त्यानंतर बराच वेळ फोन तसाच चालू राहिला. इकडे टिटवी, तिकडे ती. मागे दुसऱ्या कोणाचा तरी फोन वाजत होता.

बाई घरी आल्या. तीन म्हणजे काही वाईट नाहीत, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक वर्ष थांबायची तयारी असेल तर संध्याकाळचे वर्ग आहेत. तिथून पुन्हा परीक्षेला बसता येतं. बघ तू." टिटवीला दुसऱ्या एका कॉलेजात हिशेबाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळत होती. तो दुपारी सुरू होऊन रात्री सुटायचा. दोन्ही एकदम जमणारं नव्हतं.

"तिचं तिला ठरवू दे," मुलगी मला म्हणाली. मलाही ते पटलं.

"विचार करते," टिटवी म्हणाली. तिने पुष्कळ विचार केला. काय ठरलं, ते आम्ही विचारलं नाही. ठरलं की सांगेल, असं आम्हा दोघांना वाटत होतं. कॉलेजात जागा पक्की करायचा शेवटचा दिवस आला तेव्हा ती कपडे बदलून तयार होऊन बसली आणि मला म्हणाली, "येता का बरोबर?"

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीसमोर लांबलचक रांग होती. आतला कारकून गरीब माणूस असावा, पण सकाळपासून त्याचा घसा बसला होता. तो समोरच्याकडे न बघता बोलायचा. रांगेतले लोक पुढे सरकायच्या आधीच ढकलत होते. आमच्या मागे एक बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, इथे मुंगीच्या पावलांनी चाललंय सगळं."

आमची पाळी आली. कारकुनाने कागद पुढे ओढला.

"जागा घेताय की सोडताय?"

टिटवीने त्याच्याकडे बघितलं. तिने विचार केला. मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो.

"घेताय की सोडताय?"

तिचा श्वास आत गेला. वाक्य जुळत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो पुढचे, मुहूर्त काढताय का?" कोणीतरी हसलं. कारकुनाचा हात दुसऱ्या कागदाकडे गेला. आता हा 'पुढचा' म्हणणार, आणि तिचं तोंड पुन्हा उघडंच राहणार, असं मला वाटलं. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

"घेतोय," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

शिक्का बसला. "पुढचा."

आम्ही बाजूला झालो. टिटवीच्या हातात पावती होती. तिचा खांदा अजून वर होता.

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं, "तू काय म्हणणार होतीस?"

ती चालत राहिली. मीही तिच्या पावलाने चालत राहिलो. तशी मला घाई नव्हती, तिला नव्हती, आणि मागेही कोणी नव्हतं. एक चौक गेला, मग दुसरा. फळवाल्याने दोघांकडे आशेने बघितलं.

"टिटवे, परत जाऊन सांगता येईल. मी सांगतो त्यांना, माझी चूक झाली म्हणून."

"नको, आजोबा."

"पण काय म्हणणार होतीस ते तरी सांग. मी थांबतो."

"तुम्ही थांबता, मला माहीत आहे," ती म्हणाली.

सिग्नलला गाड्या थांबल्या. तिने पावती दुमडून खिशात घातली, माझा दंड धरला आणि मला रस्ता ओलांडून दिला.